मार्केट बास्केट: डेमूलस घराण्याची भाऊबंदकी आणि वाणसामानाच्या एका साखळीची शंभर वर्षं

दाणेगल्ला (धागाकर्ता)

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात मार्केट बास्केट नावाची सुपरमार्केटची साखळी आहे. मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, मेन आणि ऱ्होड आयलंड, एवढाच पसारा. दुकानं ९० च्या आसपास. मालकी पहिल्यापासून एकाच घराण्याकडे. २०१४ च्या उन्हाळ्यात तिथले हजारो नोकर, मॅनेजर आणि गिऱ्हाइकं बडतर्फ झालेल्या मुख्याधिकाऱ्याला, आर्थर टी. डेमूलसला, परत आणण्यासाठी रस्त्यावर उतरली, ती बातमी बऱ्याच जणांच्या वाचनात आली असेल. पण आधीची साठ वर्षं ठाऊक नसली की या प्रकरणाची 'चांगला चुलतभाऊ आर्थर टी., वाईट चुलतभाऊ आर्थर एस.' अशी बाळबोध गोष्ट होते. म्हणून मुळापासून लिहितो.

१९१७ साली अथनासिओस आणि एफ्रोसिनी डेमूलस या ग्रीक नवरा-बायकोने लोवेल गावात डमर स्ट्रीटवर दुकान काढलं. लोवेल हे कापडगिरण्यांचं गाव, आणि तिथल्या 'एकर' वस्तीत ग्रीक कुटुंबं दाटीने राहत. दुकानाचं नाव झालं ते कोकराच्या ताज्या मटणामुळे. मंदीच्या काळात, १९३८ साली, बँकेची जप्ती टाळण्यासाठी १०० डॉलर भरावे लागले होते. १९५४ मध्ये टेलेमाकस ऊर्फ माइक आणि जॉर्ज या दोन मुलांनी आईवडिलांकडून ते दुकान १५,००० डॉलरला विकत घेतलं. पुढच्या पंधराएक वर्षांत १४ सुपरमार्केट उभी राहिली.

दोघा भावांचा एकमेकांना शब्द होता: एक गेला तर दुसऱ्याने त्याच्या बायकामुलांचं पाहायचं. १९७१ मध्ये जॉर्ज ग्रीसमध्ये सुट्टीवर असताना हृदयविकाराने गेला. मागे बायको आणि चार मुलं. कारभार आणि त्यांच्या वाट्याचे कागद, दोन्ही माइककडे आले.

१९९० मध्ये जॉर्जच्या घराने माइकवर दावा लावला. तोवर कंपनीतला त्यांचा हिस्सा निम्म्यावरून ८ टक्क्यांवर आला होता. १९९४ पासून निकाल त्यांच्या बाजूने लागत गेले, १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मुख्यतः कायम केले. जॉर्जच्या घराला सुमारे २० कोटी ६० लाख डॉलर आणि कंपनीचा ५०.५ टक्के हिस्सा मिळाला. माइकच्या घराकडे उरला ४९.५ टक्के.

पुढचं सगळं या अर्ध्या टक्क्याभोवती फिरतं.

शंकासुर

दोन्ही चुलतभावांचं नाव आर्थर कसं? आर्थर टी. आणि आर्थर एस. वाचताना डोकं गरगरतं.

दाणेगल्ला

ग्रीक रीत. नातवाला वडिलांच्या वडिलांचं नाव देतात. अथनासिओसचं अमेरिकेत आर्थर झालं, म्हणून दोन्ही मुलांच्या घरी एकेक आर्थर. टी. हा टेलेमाकसचा म्हणजे माइकचा मुलगा, एस. हा जॉर्जचा. 'टी म्हणजे टेलेमाकसचा' एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

कलमकसाई

निम्म्यावरून ८ टक्के कसे झाले, ते धाग्यात निसटून गेलंय आणि खरा धडा तिथेच आहे. दोन वेगळी कामं झाली होती आणि खटलेही दोन चालले.

पहिला समभागांचा. जॉर्जच्या बायकोने आणि मुलांनी विश्वासाने सह्या केलेल्या कागदांवरून त्यांचे समभाग हळूहळू माइकच्या घराकडे गेले. कशावर सही करतोय, हे त्यांना नीट सांगितलंच नव्हतं, असा त्यांचा दावा होता. ज्यूरीने तो मानला.

दुसरा जास्त चलाखीचा. जुनी कंपनी 'डेमूलस सुपर मार्केट्स'. नवं दुकान उघडायची जागा दिसली की ते जुन्या कंपनीच्या नावावर उघडायचंच नाही. फक्त माइकच्या घरातल्या माणसांचे समभाग असलेली वेगळी कंपनी काढायची आणि दुकान तिच्या नावावर करायचं. पाटी 'मार्केट बास्केट'. माल त्याच गोदामातून, भाव ठरवणारी माणसं तीच. गिऱ्हाइकाला फरक कळायचं कारण नाही, पण नफा ज्या गल्ल्यात पडतो त्यात जॉर्जच्या मुलांचा वाटा शून्य. म्हणजे आज साखळीला जे नाव आहे, ते मुळात या समांतर कंपन्यांचं. हा खटला न्यायाधीश मारिया लोपेझ यांच्यासमोर चालला आणि या कंपन्यांची मालमत्ता जुन्या कंपनीत परत आणण्याचा आदेश झाला.

कायद्याचं तत्त्व असं: कंपनीचा कारभारी माणूस कंपनीच्या धंद्यातली संधी स्वतःसाठी घेऊ शकतो, पण आधी ती पूर्ण तपशिलासह कंपनीपुढे ठेवायला हवी आणि ज्यांचा त्यात स्वार्थ नाही अशांची मंजुरी घ्यायला हवी. ते केलं नसेल, तर व्यवहार न्याय्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. 'कंपनीला परवडलंच नसतं' हे मागाहून सांगून सुटका होत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये हे अधिकच कडक आहे. १९७५ च्या डोनाह्यू निकालापासून मोजक्या भागधारकांच्या कंपनीत भागधारकांवर एकमेकांशी भागीदारासारखं वागण्याचं बंधन मानलं जातं.

शंकासुर

पण १९७१ ते १९९० म्हणजे १९ वर्षं. मुदतीच्या कायद्यात दावा अडकला कसा नाही?

कलमकसाई

बचाव पक्षाने तो मुद्दा आणला होताच. या प्रकारच्या दाव्याला तिथे मुदत तीन वर्षांची. पण समोरचा माणूस विश्वस्ताच्या नात्यातला असेल तर घड्याळ व्यवहाराच्या तारखेपासून चालत नाही. फसवणूक झाल्याचं नुकसान झालेल्याला प्रत्यक्ष कळेल तेव्हापासून चालतं. 'चौकशी केली असती तर कळलं असतं' एवढं पुरत नाही. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याच्यावरच पाळत ठेवा, असं कायदा सांगत नाही.

जाता जाता: या खटल्याची शेपूट इतकी लांबली की हरणाऱ्या बाजूच्या वकिलांनी न्यायाधीशांच्या माजी मदतनीसाला खोट्या नोकरीच्या मुलाखतीला बोलावून, न्यायाधीशांविरुद्ध काही हाती लागतं का ते पाहिलं. त्यातल्या दोघांची सनद २००८ मध्ये कायमची गेली, तिसऱ्याची तीन वर्षांसाठी.

गिऱ्हाईक_राजा

हे सगळं ठीक, पण आर्थर टी. हा माणूस लाखात एक. २००८ च्या पडझडीत नोकरांच्या निवृत्ती निधीचे ४ कोटी ६० लाख डॉलर बुडाले, ते त्याने कंपनीकडून भरून दिले. स्वस्ताई ठेवली, जुनी माणसं सांभाळली. लोक उगाच रस्त्यावर आले नाहीत.

ताळेबंद

@गिऱ्हाईक_राजा, त्यातलं काही खोटं नाही. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. लोकांचा लाडका आर्थर टी. हा ज्याच्याविरुद्ध निकाल गेला त्या माइकचा मुलगा. आणि सगळ्यांनी खलनायक ठरवलेला आर्थर एस. हा ज्यांचा हिस्सा गेला त्या घरचा. न्यायालयात जिंकलेलं घर पार्किंगमधल्या निदर्शनांपुढे हरलं.

आता भरपाईचा पैसा बघा. ते ४ कोटी ६० लाख आर्थर टी.च्या खिशातून गेले नव्हते, कंपनीच्या तिजोरीतून गेले. म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त जॉर्जच्या घराचे. तसंच जानेवारी २०१४ पासून प्रत्येक बिलावर सरसकट ४ टक्के सूट. वर्षाची विक्री तेव्हा ४ अब्ज डॉलरच्या वर. त्याचे ४ टक्के म्हणजे किमान १६ कोटी. अमेरिकेत किराणा सुपरमार्केटचा निव्वळ नफा विक्रीच्या १ ते ३ टक्के असतो. ही साखळी त्याहून बरी कमावत असणार, तरी १६ कोटी ही सूट नफ्याचा मोठा लचका तोडते. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला ती स्वस्ताई दिसते, भागधारकाला आपला लाभांश वाटला जाताना दिसतो. दोघांचंही गणित बरोबर आहे.

ही सूट परवडली कशी? दुकानं ७१ होती, म्हणजे दुकानामागे वर्षाला साडेपाच कोटी डॉलरहून जास्त, आठवड्याला दहा लाखांच्या वर. अमेरिकी मानाने हा उलाढालीचा आकडा जबर आहे. त्यात तेव्हा डोक्यावर कर्ज जवळजवळ नव्हतं, सदस्यत्वाची कार्डं आणि गुणांच्या योजना नव्हत्या, गिऱ्हाइकाने स्वतः बिल करायची यंत्रं नव्हती. पट्ट्याशी टाय लावलेला माणूस उभा, आणि त्याच्या बिल्ल्यावर नोकरीची वर्षं लिहिलेली.

आडतास

संचालक मंडळाची रचना कुणी सांगितली नाही. ती कळल्याशिवाय २०१३-१४ कळणार नाही.

सात संचालक. दोन जॉर्जच्या घराचे, दोन माइकच्या घराचे, उरलेले तीन सगळ्या भागधारकांच्या मतांनी निवडलेले. म्हणजे ज्याच्या मागे अर्ध्याहून जास्त मतं, त्याचे तिघे. तिघे ज्याचे, कंपनी त्याची. कागदावर जॉर्जचं घर ५०.५ म्हणजे कायम वरचढ. पण ते ५०.५ एकगठ्ठा नव्हते. जॉर्जचा मुलगा एव्हन १९९३ मध्ये मोटार अपघातात गेला आणि त्याचे समभाग त्याच्या बायकोकडे आले. ही सून मतदानात माइकच्या घराकडे, म्हणजे आर्थर टी.कडे झुकली. म्हणून ४९.५ वाला असूनही २००८ मध्ये तो अध्यक्ष झाला. २०१३ मध्ये तिने बाजू बदलली. मंडळ फिरलं, भागधारकांना मोठ्या वाटपाचे ठराव सुरू झाले, आणि २३ जून २०१४ ला आर्थर टी.ला काढून त्याच्या जागी बाहेरून दोन संयुक्त मुख्याधिकारी आणले.

घराणं शंभर वर्षांचं, दुकानं ७१, नोकर २५,०००, आणि किल्ली एका सुनेच्या मतात. तिला कुणी दोष द्यायचं कारण नाही. समान वाटणी करून मधली वाट मोकळी सोडली की कुणाच्या तरी हातात ही किल्ली जाणारच.

वखार_क्र_४

मंडळाचं झालं, आता मालाचं. २०१४ चा संप जिंकला तो फलकांनी नाही, गोदामाने.

कामगार संघटना नव्हती. १८ जुलैला ट्यूक्सबरीच्या मुख्य कचेरीसमोर मोठी सभा झाली, दोन दिवसांत आठ वरिष्ठ माणसांना काढलं. त्याच सुमारास गोदामातले लोक आणि ट्रकचालक थांबले. दुकानं बंद पडली नाहीत हे लक्षात घ्या. दिवे चालू, गल्ले चालू, माणसं हजर आणि फळ्या रिकाम्या.

कोणती फळी कधी रिकामी होते, याला क्रम असतो. खिमा आणि कापलेलं मांस एक-दोन दिवसांचं. पालेभाजी तीन ते पाच दिवस. दूध टिकतं दोन आठवडे, पण दुकानातला साठा दोन-तीन दिवसांचाच, कारण शीतकपाटात जागाच तेवढी. डबाबंद माल, पीठ, साबण हे तीन-चार आठवडे सहज. आणि शीतपेयं, बटाट्याचे वेफर्स, बराचसा पाव गोदामातून येतच नाही. त्या कंपन्यांचे स्वतःचे ट्रक थेट दुकानात येतात आणि त्यांचीच माणसं फळी भरतात. म्हणून अशा वेळी दुकानाच्या मधल्या रांगा भरलेल्या दिसतात आणि भिंतीलगतची कडा उघडी पडते. गिऱ्हाईक आठवड्यातून दोनदा येतं ते त्या कडेसाठी. कडा गेली की मधल्या रांगांचीही विक्री जाते. वेफर्ससाठी कुणी गाडी काढत नाही.

पिकली_केळी

@वखार_क्र_४, भाजी-फळाच्या बाजूने भर घालतो. केळी गोदामात हिरवी येतात, १३-१४ अंशांवर. पिकवण्याच्या खोलीत इथिलीन (फळ पिकवणारा वायू) सोडून १४ ते १८ अंशांत चार ते सात दिवसांत दुकानाच्या रंगाला आणतात. एकदा इथिलीन लागलं की मागे फिरता येत नाही. ट्रक थांबले की खोलीतलं केळं तिथेच पिवळं होतं, मग ठिपके, मग कचरा. खोली रिकामी केल्याशिवाय नवी हिरवी खेप आत घेता येत नाही, आणि बंदरातून ठरलेली खेप तर येतच राहते. १३ अंशांखाली ढकलून वेळ काढायला गेलात तर साल करपटते आणि मग ती नीट पिकतच नाहीत.

त्यामुळे समेट झाला त्या दिवशी ट्रक सुरू झाले तरी पिकलेलं केळं दुकानात यायला आठवडा. कोबी-गाजर दोन दिवसांत दिसतात.

वखार_क्र_४

बरोबर. आणि पुन्हा सुरू करताना आणखी एक खड्डा असतो. आदल्या आठवड्यांच्या विक्रीवरून मागणी नोंदवायची पद्धत असेल, तर महिनाभराची शून्य विक्री धरून ती जवळजवळ काहीच मागवत नाही. जुन्या चालू आठवड्यांचे आकडे हाताने घालावे लागतात. अनुभवी खरेदी-माणसं नसतील तर हे जमत नाही. नव्या मुख्याधिकाऱ्यांनी बदली माणसं भरायचा प्रयत्न केला, पण कुठल्या दुकानाला मंगळवारी किती पेट्या लागतात, हे ज्यांना पाठ होतं तेच फाटकाबाहेर उभे होते.

शंकासुर

संघटना नसताना कायद्याचं संरक्षण होतं का? की सगळेच नोकरी पणाला लावून बसले होते?

कलमकसाई

निम्मं होतं. अमेरिकेच्या कामगार कायद्यात संघटना असो वा नसो, कामाच्या अटींसाठी एकत्र येऊन काम थांबवण्याला संरक्षण आहे. मात्र १९४७ च्या दुरुस्तीपासून पर्यवेक्षक आणि मॅनेजर त्यातून वगळलेले. म्हणजे गोदामातल्या हमालाला आधार होता, काढलेल्या आठ वरिष्ठांना जवळपास काहीच नव्हता. त्यात 'आमचा मुख्याधिकारी परत आणा' ही मागणी कामाची अट मानायची का, यावरही वाद घालता येतो. अर्धवेळच्या हजारो लोकांना काढलं नाही, त्यांचे तास शून्यावर आणले. परिणाम तोच, कागदावर नाव वेगळं.

गिऱ्हाईक_राजा

गिऱ्हाइकांचं कुणीच लिहिलं नाही. लोक दुसऱ्या साखळ्यांत खरेदी करत आणि त्या पावत्या आणून मार्केट बास्केटच्या काचेला चिकटवत. किती रुपयां... म्हणजे किती डॉलरचं गिऱ्हाईक गेलं, ते आत बसलेल्याला काचेतून वाचता यायचं.

ताळेबंद

तो प्रकार हिशेबाच्या दृष्टीनेही बिनतोड होता. विकत घ्यायला पाहणाऱ्या कुणाही बाहेरच्यासाठी कंपनीची किंमत म्हणजे चालती विक्री, आणि ती रोज काचेवर घसरताना दिसत होती. जॉर्जच्या घराकडे विकण्यासारखं जे होतं ते दर आठवड्याला स्वस्त होत होतं. दोन राज्यांचे गव्हर्नर मध्ये पडले आणि २७ ऑगस्ट २०१४ ला करार झाला: आर्थर टी.ने तो ५०.५ टक्के हिस्सा सुमारे दीड अब्ज डॉलरला घ्यायचा. म्हणजे सगळ्या कंपनीची किंमत तीनेक अब्ज धरली. आणि बिनकर्जाच्या साखळीवर कर्ज आलं.

आडतास

पुढचा अंकही लिहायला हवा. आता कंपनी पूर्ण माइकच्या घराची. पण आर्थर टी.कडे हिस्सा तीसेक टक्केच, त्याच्या तिघी बहिणींकडे मिळून साठेक टक्के. मे २०२५ मध्ये संचालक मंडळाने त्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं, सप्टेंबरमध्ये काढून टाकलं. चुलतभाऊ जाऊन बहिणी आल्या, बेरीज तशीच.

दाणेगल्ला

याच जातीचं दुसरं उदाहरण कॅनडातलं स्टाइनबर्ग. योगायोग बघा, आयडा स्टाइनबर्ग यांनी माँट्रियलमध्ये दुकान काढलं ते साल १९१७च. मुलगा सॅम याने क्वेबेकमधली सगळ्यात मोठी साखळी उभी केली. तो १९७८ मध्ये गेला आणि मतांचे समभाग मुलींकडे, विश्वस्त निधींत. बहिणींचं पटेना. १९८९ मध्ये कंपनी बाहेरच्याला विकली, घेणाऱ्याने भरमसाट कर्ज काढलेलं, १९९२ मध्ये दुकानं तीन प्रतिस्पर्ध्यांत वाटली गेली. तिथे पार्किंगमध्ये कुणी उभं राहिलं नाही.

उलट बाजूला १९०५ साली फ्लोरेन्स बट यांनी टेक्ससमधल्या केरव्हिलमध्ये ६० डॉलरवर काढलेलं दुकान, आजची एचईबी. १९१६ पासूनची रॉचेस्टरची वेगमन्स. दोन्ही घराण्यांकडेच आहेत. त्यांच्यात मतभेद नसतील असं नाही, पण मतांचा गठ्ठा फुटू दिला नाही.

शंकासुर

मग घराण्याच्या साखळीत दोन भावांनी सुरुवातीलाच नेमकं काय लिहून ठेवायचं? मुद्द्याचं सांगा.

कलमकसाई

मोजकंच, पण पहिल्या नफ्याच्या आधी.

एक भागीदार वारला तर त्याचे समभाग कंपनीने किंवा दुसऱ्याने विकत घ्यायचे की वारसांकडे ठेवायचे, ते आधी ठरवा. विकत घ्यायचे असतील तर किमतीचं सूत्र लिहा आणि ते दर वर्षी तपासा. वीस वर्षांपूर्वीचा आकडा तसाच राहिला तर तोच पुढच्या खटल्याचं कारण होतो. पैसा कुठून येणार तेही लिहा, बहुधा दोघांच्या आयुर्विम्यातून. जॉर्ज गेला तेव्हा दुकानं चौदाच होती. हिशेब करून वाटा मोकळा करणं तेव्हा आवाक्यातलं होतं.

नवी जागा, नवी कंपनी, नवं भाडेपत्र काहीही आलं तरी ते आधी जुन्या कंपनीपुढे लेखी ठेवायचं आणि नकारही लेखी घ्यायचा. दुकानाखालची जमीन वेगळ्या कंपनीत ठेवणार असाल तर तिचे भागधारक आणि प्रमाण दुकानाच्या कंपनीसारखंच हवं. सगळ्यात जास्त गळती इथून होते, कारण भाडं नफ्याच्या आधी वजा होतं.

वारसांच्या सह्या घ्यायच्या असतील तेव्हा त्यांचा वकील वेगळा असू द्या. फी कंपनीने भरली तरी चालेल.

ताळेबंद

त्यात एक जोडतो. लाभांशाचं धोरण. दर वर्षी नफ्यातला किती भाग वाटायचा याची किमान आणि कमाल मर्यादा. ती असती तर ४ टक्के सूट आणि मोठी वाटपं या दोन्हींवर मंडळात भांडण झालंच नसतं, दोन्ही त्या मर्यादेत मोजली गेली असती.

आडतास

आणि मंडळात सम संख्या टाळण्यासाठी जे 'तटस्थ' बसवता, त्यांना काढायचा अधिकार साध्या बहुमताला देऊ नका, दोन तृतीयांश ठेवा. नाहीतर ते तटस्थ फक्त पुढच्या मतदानापर्यंतच तटस्थ असतात.